पौड

पौड हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे मुख्यालय आहे. मुळा नदीच्या खोऱ्यात, पुणे शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे कोकणातील माणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव वसले आहे. शिवकाळातील बारा मावळांपैकी पौड मावळ (पौड खोरे) या गावाच्या नावाने ओळखले जाई. ब्रिटिश काळात ‘मुळशी पेटा’ या महसुली विभागाचे ठाणे पौड येथे होते. पुढे त्याच विभागाचा मुळशी तालुका झाला आणि तालुक्याची कार्यालये पौडमध्येच राहिली. त्यामुळे तालुक्याचे नाव मुळशी आणि मुख्यालय पौड अशी स्थिती आजही आहे. ज्या मुळशी गावावरून तालुक्याला नाव मिळाले, त्याच्या परिसरातील सुपीक जमीन १९२० च्या दशकात बांधलेल्या मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेली. या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात झालेला मुळशी सत्याग्रह हा भारतातील, आणि काही अभ्यासकांच्या मते जगातील, पहिला संघटित धरणविरोधी लढा मानला जातो.

भौगोलिक स्थान

मुळशी तालुका सह्याद्रीच्या मुख्य रांगेला पूर्वेकडून लागून आहे. त्याच्या उत्तरेस मावळ तालुका, पूर्वेस हवेली तालुका आणि पुणे व पिंपरी-चिंचवड ही शहरे, दक्षिणेस वेल्हे (राजगड) तालुका आणि पश्चिमेस रायगड जिल्हा आहे. पश्चिमेकडील घाटमाथ्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा उतरत जातात. त्या सोंडांच्या मधील अरुंद दऱ्यांना स्थानिक भाषेत ‘खोरे’ म्हणतात. मुळा खोरे, रिहे खोरे, कोळवण खोरे, मुठा खोरे आणि मोसे खोरे ही तालुक्यातील प्रमुख खोरी होत. लोकव्यवहारात आजही गावाचा पत्ता बहुधा खोऱ्याच्या नावाने सांगितला जातो.

पौडचे स्थान या रचनेत मोक्याचे आहे. मुळेचे खोरे पश्चिमेकडे अरुंद होत घाटमाथ्याला भिडते आणि पूर्वेकडे रुंदावत पुण्याच्या पठाराला मिळते. या दोहोंच्या मध्ये पौड आहे. कोळवण खोऱ्याकडे जाणारा रस्ताही पौडहूनच फुटतो. त्यामुळे वरच्या खोऱ्यांतील गावांना बाजार, कचेरी, न्यायालय किंवा दवाखाना यांसाठी पौडला यावे लागते.

पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा आणि मुठा या दोन्ही नद्यांचा उगम मुळशी तालुक्याच्या डोंगराळ भागात होतो. मुळा नदी मुळशी जलाशयातून निघून पौडवरून पूर्वेकडे वाहते आणि पुण्यात संगम येथे मुठेला मिळते. तेथून मुळा-मुठा, पुढे भीमा आणि शेवटी कृष्णा अशा मार्गाने हे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. मुठेवर तालुक्याच्या दक्षिण भागात टेमघर धरण आहे. मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाचे पाणीही तालुक्याच्या दक्षिण भागात पसरले आहे.

हवामान आणि निसर्ग

तालुक्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो. ताम्हिणी परिसरातील घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि अतिवृष्टीच्या वर्षांत राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत ताम्हिणीची नोंद होते. तेथून पन्नास-साठ किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात हे प्रमाण सुमारे ७०० मिलिमीटर इतकेच असते. पौड या दोन टोकांच्या मध्ये येते. येथील पाऊस भाताला पुरेसा असतो, परंतु पावसाळ्यानंतर डोंगरउतारावरील वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते.

पश्चिम भागात निमसदाहरित वने, कारवीचे रान आणि अनेक गावांनी राखलेल्या देवराया आहेत. ताम्हिणी परिसरातील सुमारे ५० चौरस किलोमीटर क्षेत्राला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू या भागात आढळतो. पश्चिम घाटातील देवरायांचे शास्त्रीय महत्त्व माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांच्या १९७० च्या दशकातील अभ्यासांमुळे अधोरेखित झाले.

इतिहास

मावळकाळ

पुण्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या खोऱ्यांना ‘मावळ’ ही संज्ञा आहे. प्रत्येक खोऱ्याचा वंशपरंपरागत अधिकारी देशमुख असे. गावोगावच्या पाटलांकडून वसूल गोळा करणे, शिबंदी बाळगणे आणि तंट्यांचा निवाडा करणे ही त्याची कामे होती. पौड खोऱ्याची देशमुखी ढमाले घराण्याकडे होती. शेजारच्या मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर, कानद खोऱ्यात मरळ आणि गुंजण मावळात शिळीमकर ही देशमुख घराणी होती. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीच्या काळात या देशमुखांना एका व्यवस्थेखाली आणण्याचे प्रयत्न झाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या प्रारंभीच्या सैन्यात या खोऱ्यांतील शेतकरी मोठ्या संख्येने होते. मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर हे महाराजांच्या आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी एक होत. वरसगाव धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर लक्ष ठेवण्यासाठी या भागात किल्ले बांधण्यात आले. आंबवणे येथील कोरीगड, एकोले येथील घनगड आणि मुळशी जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेला कैलासगड हे तालुक्यातील प्रमुख किल्ले आहेत. तैलबैला येथील दोन उभ्या कातळभिंती सवाष्णी आणि वाघजाई या जुन्या घाटवाटांच्या माथ्याजवळ आहेत. या वाटा कोकणातील सुधागड व ठाणाळे परिसरात उतरतात. कोकणातून मीठ, मासळी आणि नारळ वर येत, तर देशावरून धान्य खाली जाई. पेशवेकाळात घनगडाचा उपयोग कैदी ठेवण्यासाठी होत असे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, मार्च १८१८ मध्ये, कर्नल प्रॉथर याच्या सैन्याने कोरीगड जिंकला आणि हा परिसर ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला.

ब्रिटिश काळ आणि मुळशी पेटा

ब्रिटिश महसूल व्यवस्थेत पूर्ण तालुक्याइतका मोठा नसलेल्या विभागाला ‘पेटा’ किंवा ‘महाल’ म्हणत आणि त्याचा कारभार महालकरी पाहत असे. मुळशी पेट्याचे ठाणे पौड येथे होते. रयतवारी पद्धतीत प्रत्येक शेताची मोजणी होऊन सारा रोखीने ठरविण्यात आला. सारा रोखीने भरावा लागत असल्याने लहान शेतकरी सावकाराकडे वळले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या खोऱ्यातील बरीच जमीन पुण्यातील व स्थानिक सावकारांकडे गहाण पडली किंवा त्यांच्या मालकीची झाली. शेतकरी त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबत राहिले. पुढे धरणाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा ही वस्तुस्थिती निर्णायक ठरली.

मुळशी धरण आणि सत्याग्रह

मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा समूहाने सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते पश्चिमेकडे कोकणात सोडण्याची आणि त्या उतारावर वीज निर्माण करण्याची योजना आखली. लोणावळा परिसरातील पाण्यावर चालणारे खोपोली वीजकेंद्र १९१५ मध्ये आणि आंध्रा खोऱ्यातील पाण्यावर चालणारे भिवपुरी वीजकेंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या प्रकल्पासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले.

या धरणामुळे ५२ गावांतील जमीन आणि सुमारे अकरा हजार लोकवस्ती बाधित होणार होती. बुडणारी जमीन ही खोऱ्यातील सर्वांत सुपीक भातजमीन होती आणि तेथील आंबेमोहर तांदूळ पुण्याच्या बाजारात प्रसिद्ध होता. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन कंपनीसाठी जमीन घेण्यास मान्यता दिली. शेतकऱ्यांची संमती घेण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.

शेतकऱ्यांचा विरोध सुरू झाल्यावर पुण्यातील राष्ट्रीय चळवळीतील कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही सत्याग्रहींची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे लढ्याचे प्रमुख नेते होते. शंकरराव देव यांच्यासह अनेक कार्यकर्त्यांनी त्यात भाग घेतला. महात्मा गांधींनी एप्रिल १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकात सत्याग्रहाविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि टाटा कंपनीने लोकांच्या हक्कांचा विचार करावा असे आवाहन केले. कंपनीने काम काही महिने स्थगित ठेवले.

स्थगितीच्या मुदतीनंतर काम पुन्हा सुरू झाले आणि १९२१ च्या अखेरीस सत्याग्रहाचा दुसरा टप्पा सुरू झाला. या टप्प्यात सत्याग्रहींना मोठ्या प्रमाणावर अटक झाली. गावांतील स्त्रियाही तुरुंगात गेल्या. याच काळात चळवळीत मतभेद वाढले. जमिनीची कागदोपत्री मालकी असलेल्या अनेक सावकारांना वाढीव मोबदला मान्य होता, तर जमीन कसणाऱ्या कुळांना रोख रकमेपेक्षा जमीन हवी होती. पुण्यातील पुढाऱ्यांपैकी काहींनी मोबदल्याच्या तडजोडीकडे कल दाखविला. बापट यांची अहिंसेवर तत्त्व म्हणून निष्ठा नव्हती. या कारणाने गांधींनीही पुढे चळवळीपासून अंतर राखले.

सत्याग्रहींची संख्या रोडावत गेली. डिसेंबर १९२४ मध्ये बापट यांनी काही सहकाऱ्यांसह धरणाच्या कामावरील आगगाडी अडवून गोळीबार केला. या प्रकरणी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि संघटित लढा संपुष्टात आला. मुळशीतील नेतृत्वामुळे मिळालेली ‘सेनापती’ ही उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. पुणे आणि मुंबई या दोन्ही शहरांत सेनापती बापट मार्ग आहेत.

धरण पूर्ण होऊन १९२७ मध्ये कोकणातील भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. विस्थापितांसाठी जमिनीच्या बदल्यात जमीन किंवा नियोजित पुनर्वसन अशी व्यवस्था झाली नाही. काही कुटुंबे पुणे व मुंबईकडे मजुरीसाठी गेली. अनेकांनी जलाशयाच्या वरच्या अंगाला, खडकाळ उतारावर नवी घरे बांधली. संपादित क्षेत्रातील पाण्याखाली न गेलेली जमीनही कंपनीच्या नावे राहिल्याने अशा काही वस्त्यांना घराखालील जमिनीचा हक्क, रस्ता आणि अन्य नागरी सुविधा यांसाठी पुढील पिढ्यांतही मागणी करावी लागली.

विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्याचा वृत्तान्त ‘मुळशी सत्याग्रह’ या पुस्तकात लिहिला. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या विषयावर मराठी व इंग्रजीत संशोधनपर ग्रंथ लिहिले. लढ्याच्या अपयशाची कारणे केवळ सरकारच्या दडपशाहीत नसून जमीनमालक आणि कूळ यांच्या भिन्न हितसंबंधांतही होती, हे त्यांनी दाखवून दिले.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर मुळशी हा पुणे जिल्ह्यातील पूर्ण तालुका म्हणून कार्यरत राहिला आणि पौड येथे तहसील कार्यालय व पंचायत समिती आली. कूळकायद्यामुळे जमीन कसणाऱ्या अनेक कुटुंबांना मालकी हक्क मिळाला. तथापि, धरणाखाली गेलेल्या क्षेत्रातील कुळांना या सुधारणेचा लाभ होण्यासारखी जमीनच उरली नव्हती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस तालुक्याच्या पूर्व भागात मोठे बदल झाले. हिंजवडी, माण आणि मारुंजी परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभारले. पिरंगुट, उरवडे, घोटावडे या भागांत कारखाने आले, तर बावधन, भूगाव, भुकूम, सूस आणि म्हाळुंगे येथे निवासी वसाहती वाढल्या. दक्षिणेकडील मोसे खोऱ्यात दासवे परिसरात ‘लवासा’ हा खासगी गिरिस्थान प्रकल्प उभा राहिला. पर्यावरणविषयक परवानगीच्या प्रश्नावरून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये त्याचे काम थांबविले आणि पुढील वर्षी अटींसह परवानगी दिली. २०१८ मध्ये हा प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. स्थानिक शेतकरी व आदिवासी कुटुंबांच्या जमिनींचे व्यवहार हा या प्रकल्पावरील आक्षेपांचा एक मुख्य मुद्दा होता.

२०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात पौड आणि मुळशी तालुक्याचा समावेश होतो. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही तालुक्यातील गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली.

प्रशासन

पौडचा स्थानिक कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. तालुक्याचे मुख्यालय असूनही येथे नगरपालिका नाही. तहसील कार्यालय, पंचायत समिती, दुय्यम निबंधक कार्यालय, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय ही पौडमधील प्रमुख सार्वजनिक कार्यालये आहेत. सातबारा उतारे, फेरफार नोंदी, वारसनोंदी आणि खरेदीखते यांची कामे येथील दैनंदिन व्यवहाराचा मोठा भाग असतात.

२०११ च्या जनगणनेनुसार मुळशी तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ७१ हजार होती. २००१ मध्ये ती सुमारे १ लाख २७ हजार होती. ही वाढ मुख्यतः पुणे व पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या पूर्वेकडील गावांत झाली.

२००९ पूर्वी मुळशी हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर तालुक्याचा समावेश भोर विधानसभा मतदारसंघात झाला. हा मतदारसंघ बारामती लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे.

अर्थव्यवस्था

शेती

भात हे परिसरातील मुख्य पीक आहे. मार्च ते मे या काळात बियाणे पेरायच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा व गवत पसरून ते जाळले जाते. याला ‘राब भाजणे’ म्हणतात. पाऊस सुरू झाल्यावर राबावर रोपे वाढवून ती चिखलणी केलेल्या खाचरांत लावली जातात. सुवासिक आंबेमोहर हे खोऱ्याचे पारंपरिक वाण असून त्याच्या फुलोऱ्याला व शिजलेल्या भाताला आंब्याच्या मोहरासारखा गंध येतो. हे वाण उशिरा तयार होते, उंच वाढून लोळते आणि त्याचे उत्पादन कमी असते. त्यामुळे अधिक उत्पादन देणाऱ्या इंद्रायणीसारख्या सुधारित वाणांनी त्याची जागा बऱ्याच प्रमाणात घेतली. डोंगरउतारावर नाचणी व वरई ही पिके घेतली जातात. शेतीबरोबरच दुग्धव्यवसाय हे उत्पन्नाचे साधन आहे.

वीज आणि पाणी

मुळशी धरण सुमारे ४९ मीटर उंच आणि दीड किलोमीटर लांब असून त्याची साठवण क्षमता सुमारे २० अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. जलाशयातील पाणी बोगद्यातून व जलवाहिन्यांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे नेले जाते. तेथे १५० मेगावॅटचे मूळ केंद्र आणि नंतर उभारलेला १५० मेगावॅटचा उदंचन संच आहे. वीजनिर्मितीनंतर हे पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राकडे जाते. बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी अशा रीतीने कोकणात वळविले जात असल्याने या प्रकल्पाला आंतरखोरे जलवहनाचे स्वरूप आहे. रायगड जिल्ह्यातील कुंडलिकाकाठच्या गावांची सिंचन व पाणीपुरवठा व्यवस्था या पाण्यावर अवलंबून झाली आहे. दुसरीकडे, पुणे महानगराची आणि भीमा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांची गरज लक्षात घेऊन मुळशीचे पाणी पूर्वेकडे द्यावे, अशी मागणी वेळोवेळी केली जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या बच्छावत निवाड्याने टाटा जलविद्युत प्रकल्पांतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली आहे.

उद्योग आणि जमीन व्यवहार

पिरंगुट ते पौड या पट्ट्यात अभियांत्रिकी, रसायन, प्लास्टिक आणि खाद्यप्रक्रिया क्षेत्रांतील लहान-मोठे कारखाने आहेत. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यात लागलेल्या आगीत अनेक कामगारांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये बहुतांश महिला होत्या. या घटनेनंतर परिसरातील कारखान्यांच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न चर्चेत आला.

पुणे शहराच्या जवळिकीमुळे जमिनीचे भाव वाढले आणि शेतजमिनींची विक्री हा अर्थव्यवहाराचा महत्त्वाचा भाग बनला. जमीन विकून आलेला पैसा संपल्यावर त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या वसाहतीत किंवा कारखान्यात सुरक्षारक्षक, वाहनचालक वा रोजंदार म्हणून काम करण्याची वेळ काही शेतकरी कुटुंबांवर आली.

शिक्षण

पौड परिसर आणि तालुक्याच्या पूर्व भागात अनेक शैक्षणिक संस्था आहेत. पौडजवळ खुबवली येथे १९९७ मध्ये महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. विविध देशांतील विद्यार्थी येथे निवासी शिक्षण घेतात. लवळे येथे सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आणि फ्लेम विद्यापीठ यांची संकुले आहेत.

समाज आणि संस्कृती

तालुक्याच्या खेड्यांत मराठा समाजाबरोबर महादेव कोळी, कातकरी, ठाकर आणि गवळी धनगर समाजाची वस्ती आहे. कातकरी कुटुंबे प्रामुख्याने मजुरी, मासेमारी आणि रानमेव्याच्या विक्रीवर अवलंबून असतात. गवळी धनगरांचे वाडे घाटमाथ्यालगतच्या सड्यांवर आढळतात.

ग्रामदैवतांच्या यात्रा हे गावोगावचे मुख्य सामाजिक प्रसंग होत. यात्रेनिमित्त कुस्त्यांचे आखाडे भरविण्याची प्रथा आहे. मुळशी तालुक्याला कुस्तीची मोठी परंपरा आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या उभारणीत पुढाकार घेणारे मामासाहेब मोहोळ हे मुठा गावचे होते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील विजेत्याला दिली जाणारी चांदीची गदा त्यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाते.

जमीन विक्रीनंतर शेतकरी कुटुंबाची होणारी वाताहत आणि तरुणांचे गुन्हेगारीकडे वळणे हा प्रवीण तरडे दिग्दर्शित ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या मराठी चित्रपटाचा विषय आहे. या चित्रपटामुळे तालुक्याचे नाव राज्यभर चर्चेत आले. ‘अंतिम’ (२०२१) हा हिंदी चित्रपट त्यावर आधारित आहे.

वाहतूक

पुण्याच्या कोथरूड भागातील पौड फाट्यापासून सुरू होणारा पौड रस्ता चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि अंबडवेटमार्गे पौडला येतो. पौडपुढे हा रस्ता माले, मुळशी धरण आणि ताम्हिणी घाटमार्गे रायगड जिल्ह्यातील निजामपूर व माणगावला जातो आणि तेथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. पौडहून दुसरा रस्ता कोळवण, हाडशी आणि तिकोना किल्ल्याच्या पायथ्यावरून पवना धरणाकडे जातो.

राज्य परिवहन महामंडळाच्या आणि पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या (पीएमपीएमएल) बसगाड्या पौडला पुण्याशी जोडतात. तालुक्याच्या डोंगराळ भागातून लोहमार्ग जात नाही. पुणे हे सोयीचे मोठे रेल्वे स्थानक आहे. चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडण्यात आला आणि नव्या उड्डाणपुलाचे उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात दरडी कोसळल्याने वाहतूक अनेकदा विस्कळीत होते.

परिसरातील ठिकाणे

मुळशी जलाशय : पौडच्या पश्चिमेस. स्थानिक लोक त्याला ‘टाटा तलाव’ असेही म्हणतात.

ताम्हिणी घाट : पावसाळी धबधबे, अभयारण्य आणि कुंडलिका दरीसाठी प्रसिद्ध. पिंपरी गावातून भिऱ्याकडे उतरणारी अंधारबन ही जंगलवाट याच परिसरात आहे.

कोरीगड : आंबवणे गावाजवळील किल्ला. गडमाथ्याभोवतीची तटबंदी बऱ्याच अंशी टिकून आहे.

घनगड आणि तैलबैला : किल्ला आणि त्याच्या परिसरातील दोन कातळभिंती. दोन्ही ठिकाणे गिर्यारोहकांत लोकप्रिय आहेत.

कोळवण आणि हाडशी : कोळवण येथे चिन्मय मिशनचे ‘चिन्मय विभूती’ हे केंद्र, तर हाडशी येथे सत्य साई पंढरी हे विठ्ठल मंदिर आहे.

हे सुद्धा पहा

मुळशी तालुका
मुळशी सत्याग्रह
पांडुरंग महादेव बापट
मुळा नदी
बारा मावळ
ताम्हिणी घाट